एक पुस्तक, अनेक मुले : घरच्या ख्रिस्ती शिक्षणाचा जमाखर्च

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोरवा ही गावे मागे टाकीत, मिठागरांच्या कडेकडेने डोंगरी व उत्तनपर्यंत पोहोचतो. यांपैकी मोरव्यात राहणाऱ्या एका परिचित ख्रिस्ती कुटुंबाने काही दिवसांपूर्वी आम्हांला एक प्रश्न विचारला. घरात चार मुले, मिळवते हात दोनच, आणि मुलांना शाळेत न पाठवता घरीच, ख्रिस्ती संस्कारांसह शिकवावे असा विचार. त्यासाठी त्यांनी परदेशी प्रकाशकांचे अभ्यासक्रम पाहिले होते. एका मुलासाठी एका इयत्तेचा एक संच, अशी त्यांची रचना. चार मुले, चार इयत्ता, चार संच. पुढच्या वर्षी पुन्हा नवे चार. हिशेब मांडता मांडता त्यांनी वही मिटली, आणि ‘मराठीत असे काही मिळेल का?’ असे आम्हांला विचारले.

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधताना आम्ही आपोआप इतिहासाकडे वळलो. कारण अनेक मुलांना एकाच घरात, थोड्या पैशांत, ख्रिस्ती शिक्षण कसे द्यावे हा प्रश्न नवा नाही. याच किनारपट्टीवर आणि मराठी भाषेत त्याची उत्तरे शोधली गेली आहेत. त्या उत्तरांनी काय साधले आणि त्यांची किंमत कोणी मोजली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ थोडा दूरचा घ्यावा लागेल. मार्टिन ल्यूथरने १५२९ साली ‘लघु प्रश्नोत्तरी’ लिहिली. त्याआधी सॅक्सनीतील गावोगावच्या चर्चची पाहणी करताना सामान्य माणसांना श्रद्धेची मूलतत्त्वेही ठाऊक नाहीत, असे त्याला आढळले होते. ही पुस्तिका त्याने पाद्र्यांच्या जोडीने घरच्या कर्त्या माणसाच्याही हाती दिली. कुटुंबप्रमुखाने आपल्या घरच्यांना हे साधेपणाने कसे शिकवावे, असेच तिच्या प्रकरणांच्या मथळ्यांतून सांगितलेले आहे. दहा आज्ञा, श्रद्धेचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना, संस्कार एवढाच तिचा पसारा. घरात मुले दोन असोत की दहा, पुस्तिका एकच लागते.

या कल्पनेला पुढे इंग्लंडमध्ये एका गरीब घरात व्यवहाराचे रूप आले. एपवर्थ येथील धर्मोपदेशकाची पत्नी सुझाना वेस्ली हिला एकोणीस अपत्ये झाली, त्यांतील नऊ बाल्यातच गेली. पती सॅम्युएल याला १७०५ साली कर्जापायी तुरुंगवास घडला, यावरून घरच्या सांपत्तिक स्थितीची कल्पना यावी. या घरात सुझानाने सकाळी तीन व दुपारी तीन तास शाळा चालवली. पाच वर्षे पुरी झाली की मुलाला अक्षरे शिकवायची, आणि अक्षरे येताच उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून थेट वाचनाला लावायचे, ही तिची पद्धत. तिचा थोरला मुलगा जॉन, म्हणजे पुढे मेथॉडिस्ट चळवळीचा प्रणेता झालेला, असा समज पुष्कळांचा असतो. वस्तुतः थोरला सॅम्युएल, जॉन मधला. जॉनने विचारल्यावरून १७३२ साली तिने ही पद्धत पत्रातून सविस्तर कळवली. त्यातील एक तपशील आम्हांला विशेष मोलाचा वाटतो. संध्याकाळी सर्वांत मोठे भावंड सर्वांत धाकट्याला घेऊन बसे, दुसरे मोठे त्याच्या वरच्याला, आणि मोठ्याने लहानाला त्या दिवसाची स्तोत्रे व नव्या करारातील अध्याय वाचून दाखवावा असा नियम होता. अनेक मुले असणे ही अडचण होती. या नियमाने तिचीच सोय झाली.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, बहुतेक काळ गोव्याच्या साष्टी प्रांतात राहिला. (आमच्या ठाण्याच्या साष्टीचे आणि त्या साष्टीचे नाव एकच, प्रांत मात्र वेगळे.) त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठीच्या एम. ए.च्या वर्गात हा ग्रंथ आम्ही शिकलो आणि पुढे शिकवलाही, पण कसा? मराठी भाषेची स्तुती करणारा प्रसिद्ध उतारा, ओवीचे वळण, कोंकणी शब्दांची सरमिसळ, परकीय कवीचे भाषाप्रभुत्व. ग्रंथ लिहिला कोणासाठी आणि वापरला कसा जावा, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही, म्हणून आम्हीही कधी विचारला नाही.

वास्तविक त्याचे उत्तर ग्रंथाच्या आरंभीच आहे. मुलांना धर्मतत्त्वे शिकवण्याचा वर्ग भरलेला असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येतो. जुनी पुराणे वाचू नका असे तुम्ही सांगितले, मग त्यांच्या जागी आम्हांला आमच्या भाषेत दुसरे काही का देत नाही, अशा आशयाचे तो विचारतो. त्या मागणीतून हा ग्रंथ निघाला, असे कवी सांगतो. म्हणजे ‘ख्रिस्तपुराणा’चा उगमच मुळी शिक्षणाच्या गरजेत आहे. प्रश्नोत्तरी पाठ झाली तरी मन भरत नाही. मनाला कथा लागते, आणि कथा आपल्या भाषेत, आपल्या चालीत हवी असते, हे त्या श्रोत्याला उमगले होते आणि स्टीफन्सलाही.

अभ्यासक्रम म्हणून या ग्रंथाची रचना पाहण्यासारखी आहे. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. पहिल्याचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९, असे एकंदर ९५ अध्याय. कवीच्या शब्दांत ‘अवस्वर’. ओव्यांची संख्या १०,९६२. आम्ही सहज हिशेब करून पाहिला. रोज तीस ओव्या म्हटल्या तर वर्षभरात सारे पुराण जवळजवळ तंतोतंत पुरे होते. कवीने हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला होता असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु पोथी लावून वर्षभर घरात ती चालवण्याची जी आपली जुनी रीत आहे, तिच्यात हा ग्रंथ सहज बसतो एवढे खरे. पोथी ऐकायला आजी बसते तशी चार वर्षांची नातही बसते. एकीला अर्थ कळतो, दुसरीला चाल. वर्ष उलटून पोथी पुन्हा लागली की नातीला थोडा अर्थही कळू लागतो. इयत्ता बदलली म्हणून पुस्तक बदलावे लागत नाही, तेच पुस्तक दर वर्षी मुलाबरोबर मोठे होत जाते.

पैशांच्या दृष्टीनेही याचा विचार करावा. १६१६ नंतर १६४९ व १६५४ साली पुराण पुन्हा छापले गेले. त्यानंतरची छापील आवृत्ती थेट १९०७ सालची, मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी काढलेली. मधल्या २५३ वर्षांत मुद्रणालयाचा आधार नव्हता, आणि पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखित नकलांतून. कोणीतरी बसून हजारो ओव्या उतरवून काढल्या, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी ऐकून म्हटल्या. देवनागरीत तो मुद्रित स्वरूपात सर्वसामान्य मराठी वाचकाच्या हाती आला १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनामुळे.

उत्तरेकडे वसई-साष्टीतही अशीच गरज होती. फ्रान्सिस्को वाझ दे गिमारायंश या फ्रान्सिस्कन पाद्रीने १६५९ साली ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे पुराण इकडच्या बोलीच्या अधिक जवळ जाणाऱ्या मराठीत रचले. एकोणिसाव्या शतकात त्याची मुंबईत पुन्हा छपाई झाली, यावरून त्याचा वापर थांबला नव्हता हे उघड आहे. राज्यकर्त्यांचे धोरण मात्र देशी भाषांना नेहमीच अनुकूल राहिले नाही. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. हुकूम कागदावर राहिला आणि ओव्या तोंडात राहिल्या.

यानंतर आमच्या परिसरावर एक मोठी परीक्षेची वेळ आली. १७३७ साली ठाणे व साष्टी मराठ्यांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांपुढे वसई शरण आली. उत्तनजवळच्या चौक येथील जंजिरे धारावी या मोहिमेची साक्ष देत आजही उभा आहे, आणि त्या विजयाचा अभिमान आपण मराठी माणसे योग्य कारणाने बाळगतो. पण त्याच घटनेची दुसरी बाजू डोंगरी-उत्तनच्या ख्रिस्ती घरांतून पाहावी. युरोपीय पाद्री गेले. चर्चला जोडलेल्या पाठशाळा, जिथे मुलांना प्रार्थना, गायन आणि थोडेबहुत वाचन मिळे, त्यांचा आश्रयदाता गेला. उरलेल्या थोड्या देशी धर्मगुरूंवर अनेक गावांचा भार पडला. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनी घेतली, तोवर दीड पिढीहून अधिक काळ लोटला होता. एवढ्या काळात शिक्षणाची सोय नसती तर श्रद्धा विझून जायला हरकत नव्हती. ती विझली नाही. आमचा तर्क असा की या काळात शिक्षणाचे काम घराने उचलले. संध्याकाळी दिव्यापुढे जपमाळ, तिच्या शेवटी वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेण्याचा प्रघात, उपवासकाळात दुःखसहनाची गाणी, सणावारांतून फिरणारे ख्रिस्ती वर्ष हा या घरशाळेचा अभ्यासक्रम होता. त्याला पुस्तके थोडी लागत आणि पैसे जवळजवळ लागतच नसत.

येथवरच्या इतिहासातून काटकसरीची तीन सूत्रे सहज हाती येतात. एक पुस्तक सर्वांनी मिळून वाचणे, मोठ्या भावंडाने धाकट्याला शिकवणे, आणि पाठांतर व गायन यांच्या बळावर कागदाचा खर्च वाचवणे, ही ती तीन सूत्रे. येथे लेख संपवला असता तर तो सुखद झाला असता. पण जमाखर्चात खर्चाची बाजू अजून लिहायची आहे.

त्यासाठी पंडिता रमाबाईंकडे जावे लागेल. मराठी ख्रिस्ती समाजातील या सर्वांत विद्वान स्त्रीचे शिक्षण घरीच झाले, आणि तेही ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला तेव्हा वडील वृद्ध झालेले होते, म्हणून रमाबाईंना शिकवण्याचे काम आईकडे आले. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत ते चालले. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले ते या शिक्षणातून. वर सांगितलेली सूत्रे येथेही दिसतात : ग्रंथ थोडे, पाठांतर भरपूर, सारे कुटुंब एकाच विद्येत रमलेले.

पण ही आई शिकवायची केव्हा? पहाटे. दिवसभर घरकाम, आल्यागेल्याचे, विद्यार्थ्यांचे करणे; म्हणून पाखरे जागी होण्यापूर्वी झोपाळलेल्या मुलीला उठवून, मांडीवर घेऊन ती धडा देई. रमाबाईंच्या विद्वत्तेचे कौतुक करताना आपण या पहाटांची मोजदाद करीत नाही. सुझाना वेस्लीचे सहा तास, लक्ष्मीबाई डोंगऱ्यांची पहाट, आणि साष्टीतील अनाम आयांची संध्याकाळ हाच घरच्या शिक्षणाचा खरा खर्च. पैसे वाचतात, कारण कोणीतरी आपली झोप आणि आपला दिवस त्या जागी भरतो. आणि आजवर बहुतेक वेळा हे कोणीतरी म्हणजे घरातली स्त्रीच असते. स्वस्त अभ्यासक्रम हे शब्द उच्चारताना हा आकडा वहीत लिहिलाच पाहिजे.

खर्चाची दुसरी बाबही आहे. घरच्या शिक्षणाने श्रद्धा टिकवली, पण साक्षरता दिली असे सरसकट म्हणता येत नाही. ओवी तोंडपाठ असणे वेगळे आणि दस्तऐवज वाचता येणे वेगळे. जमिनीचा कागद, सावकाराची वही, सरकारी हुकूम यांपुढे पाठांतर उपयोगी पडत नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात शाळा आल्या तेव्हा त्यांचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक १८१३ साली मुंबईस पोहोचले आणि १८२४ साली त्यांनी मुलींसाठी शाळा काढली, ती घरांना जे जमत नव्हते ते करण्यासाठी. खुद्द रमाबाईंनी, इतके उत्तम गृहशिक्षण मिळालेले असूनही, १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही शाळाच काढली. पुढे केडगावच्या मुक्तीत दुष्काळातून आलेल्या मुलींना त्यांनी अक्षरांबरोबर विणकाम, शेती, छपाई असे व्यवसाय शिकवले. ज्यांना घरच उरले नाही त्यांना घरच्या शिक्षणाचा काय उपयोग, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. १८७४ च्या दुष्काळात त्यांचे आईवडील दोघेही गेले होते. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी मूळ भाषांवरून साऱ्या बायबलाचे भाषांतर केले, ते अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत. त्या १९२२ साली वारल्या आणि ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. एक पुस्तक, पण घरातल्या प्रत्येकाला कळेल असे, हा विचार पुन्हा येथेही आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याला जोडून घ्यावेसे वाटते. १८६८ साली जन्मलेल्या या स्त्रीला शाळा मिळाली नाही. अक्षरओळख लग्नानंतर घरी, ना. वा. टिळकांच्या लहरीप्रमाणे झाली. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध झाली आणि मराठी गद्याचा मानदंड ठरली. शिकवणारी व्यक्ती पूर्ण शिकलेली असावी लागते असे नाही, तिने शिकत राहावे लागते, असा धीर या उदाहरणातून मिळतो. मात्र लहरीवर चालणारे शिक्षण प्रत्येक घरात लक्ष्मीबाई घडवीत नाही, हेही विसरू नये.

असो. मोरव्याच्या कुटुंबाला शेवटी आम्ही काय सांगितले?

चार संच घेऊ नका, हे पहिले. चारही मुलांना मिळून सकाळचा एक तास द्या. त्यासाठी बायबल मराठीतले घ्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आजच्या बोलीत आहे आणि त्याला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला आहे. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर या क्रमाने वर्ष आखा. ते आखायला छापील वेळापत्रक विकत घ्यावे लागत नाही. आठवड्यातून एकदा ‘ख्रिस्तपुराणा’तील काही ओव्या मोठ्याने म्हणा. अर्थ पहिल्या वर्षी थोडा कळेल, तेवढा पुरे. संध्याकाळी थोरलीने धाकट्याला वाचून दाखवावे. त्यात धाकट्याचा जितका अभ्यास होतो त्याहून अधिक थोरलीचा होतो.

गणित, विज्ञान, भाषा यांसाठी बालभारतीची पुस्तके आहेत. १९६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेची पाठ्यपुस्तके स्वस्त असतात, आणि ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती विनामूल्य उतरवूनही घेता येतात. थोरलीचे पुस्तक जपून ठेवले तर तेच धाकट्यांना चालते. अभ्यासक्रम बदलला तरी बेरीज बदलत नाही. बाष्पीभवन शिकवायला मोरव्यातून मिठागरापर्यंत चालत जावे, इतिहासाला चौकच्या किल्ल्यापर्यंत. आणि तेथे गेल्यावर तटाच्या दोन्ही बाजूंची गोष्ट सांगावी.

कायद्याचेही सांगितले. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे तो पालकांचे कर्तव्य मानतो, मात्र त्यासाठी पालकांना शिक्षा सांगत नाही. घरी शिकणाऱ्यांसाठी त्यात स्वतंत्र तरतूद नाही, म्हणून पुढच्या प्रमाणपत्राचा विचार आधीच करून ठेवावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. राज्य मंडळाच्या परीक्षेला बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा आहे. श्रद्धेचे शिक्षण घर देऊ शकेल, पण दस्तऐवज वाचण्याचे आणि जगात उभे राहण्याचे शिक्षण कमी पडले तर त्याची किंमत मुले मोजतील. साष्टीच्या मागच्या पिढ्यांनी ती मोजलेली आहे.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्ही त्या गृहस्थांना मुद्दाम सांगितली. हिशेबाच्या वहीत पुस्तके, वह्या, परीक्षा शुल्क एवढीच कलमे होती. आम्ही त्यांत एक कलम वाढवायला सांगितले : आईचे तास. रोज किती, आणि त्यांतले किती वडील उचलणार. ल्यूथरची पुस्तिका घरच्या कर्त्याच्या हाती दिलेली होती, ही आठवणही करून दिली. गृहस्थ जरा हसले. त्यांच्या पत्नी हसल्या नाहीत; त्यांनी वही पुढे ओढली आणि ते कलम स्वतःच्या हाताने लिहिले.